सेजलचा भाऊ

दसऱ्याच्या दिवशी पार्से गावच्या देवळात तरंगे, म्हणजे देवांचे सजवलेले खांब, उभी असताना, सगळ्या गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणे घालणाऱ्या गुरुदासाचा श्वास मधेच अडला, आणि लोकांनी हात जोडले.

गाऱ्हाण्याचा मान त्याच्या घराण्याकडे तीन पिढ्यांचा. हातात नारळ घेऊन देवासमोर उभे राहायचे, गावाच्या वतीने बऱ्यावाईटाचे सांगणे करायचे, आणि प्रत्येक मागणीच्या शेवटी जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून ती उचलून धरायची, अशी रीत. त्या दिवशी ‘ह्या लेकरांची राखण कर’ एवढे शब्द तोंडातून गेले आणि छातीवर कुणी पाटा ठेवावा तसे झाले. हात थरथरले, घामाने सदरा भिजला, डोळ्यांपुढच्या समया हेलकावू लागल्या. आपण आता इथेच मरतो, याबद्दल त्याला तिळमात्र शंका उरली नाही. लोकांना मात्र वेगळेच दिसले. ‘अवसर आयलो!’ असे कुणीतरी ओरडले, म्हणजे देव अंगात आला. आणि दोनशे माणसे त्याच्या पायांशी वाकली. एका म्हातारीने तर सुनेला मूल केव्हा होईल तेही विचारून घेतले.

दुसऱ्यांदा हेच घडले ते तुळशीच्या लग्नानंतर. गावातल्या एकाने मोपाच्या विमानतळावरून प्रवासी नेण्यासाठी नवी टॅक्सी घेतली होती. गाडीसमोर गाऱ्हाणे घालताना गुरुदासाने बॉनेटचा आधार घेतला, आणि गाडीवर देवाचा हात पडला म्हणून मालकाने पेढे वाटले.

गुरुदास तिसऱ्या दिवशी गुपचूप म्हापशाला जाऊन आला. डॉक्टरांनी ईसीजी काढला, रक्त तपासले आणि काळीज खणखणीत असल्याचे सांगितले. मग चिठ्ठीवर एक ओळ लिहिली: समुपदेशकाला भेटावे. डिचोलीच्या सरकारी कचेरीत बत्तीस वर्षे काढून हेड क्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला हा निकाल पटणे शक्यच नव्हते. ‘कारण सापडले नाही’ असा शेरा त्याने उभ्या आयुष्यात कुठल्या फाइलीवर मारला नव्हता.

आणि सवड तरी कुठे होती? मार्गशीर्षातली जत्रा तीन आठवड्यांवर आली होती. यंदा तर लोक गाऱ्हाणे ऐकायला नव्हे, अवसर पाहायला येणार होते. उभे राहावे तर पुन्हा ते मरण. न राहावे तर मान चुलतभाऊ सखारामकडे जाणार, आणि जाताना लोक कारण विचारणार. खरे कारण सांगितले की दसऱ्याला दोनशे माणसे कशापुढे वाकली होती, तेही उघडे पडणार.

घरात ही गोष्ट माहीत होती ती बायकोला, सुमंगलाला, आणि पणजीला नोकरी करणाऱ्या एकुलत्या एका मुलीला, सेजलला; तीही अर्धीच. श्वास अडतो, डॉक्टरांनी बोलायला कुणाकडे तरी जा म्हटले आहे, इतकेच त्याने सांगितले होते. रविवारी सेजल घरी आली आणि चहा-उंडेपावांवर वादाला तोंड फुटले.

“बाबा, ऑनलाइन कर. घरांत बसून. कोणाक कळचें ना,” सेजल म्हणाली.

“कशें कळचें ना?” सुमंगला म्हणाली. “दिसाउजवाडा दार लावून बसले काय सगळ्या वाड्याक कळता, हांगा कितें तरी जालां म्हण. आनी मोबायलार कोण नाडी दाखयता?”

“आई, नाडी न्हय, मन.”

“मग आनीकच. मन समोर बसल्याबगर दिसता कशें? डिचोलीच्या दवाखान्यांत ती अर्चनाबाई दर मंगळवारी लोकांचें आयकूंक बसता. वचून येवपाचें.”

“डिचोलीक! थंय बाबाक वळखना असो मनीस आसा?”

दोघींचेही बरोबर होते, हीच पंचाईत. गुरुदासाने स्वतःशी बाजू मांडून पाहिल्या. पडद्यावरचा माणूस परका, म्हणून सोयीचा. पण परक्याला आपले कुळ, देऊळ, मान हे सगळे समजावणार कोण? जवळच्या माणसाला समजवावे लागत नाही, पण जवळच्या माणसाला कळते हेच तर नको होते. प्रत्येक मुद्द्याला दोन टोके होती आणि दोन्ही हातात टोचत होती. शेवटी, दोन्हीकडे एकेकदा जाऊन मग ठरवू, असा तोडगा त्याने काढला. न ठरवण्याची ही कचेरीतली जुनी पद्धत होती.

मंगळवारी तो बसने म्हापशावरून डिचोलीला गेला. दवाखान्याच्या बाकावर त्याच्या कचेरीतला जुना शिपाई विठू बसलेला.

“भाऊ! तुमी हांगा? कोणाक घेवन आयल्यात?”

“भाच्याक,” गुरुदास म्हणाला. एवढ्या वेगाने खोटे आपल्याला सुचते, हे त्याला साठी उलटल्यावर प्रथमच कळले. “तो... भायर चहा घेता. आनी तूं कोणाक?”

“हांव? म्हजेच खातीर. तीन म्हयने न्हीद ना, भाऊ. बायलेन म्हटलें, वच. आयलों.” विठूने हे इतक्या सहज सांगितले, की जणू तो रेशनकार्डावर नाव घालायला आला होता.

आतून नाव पुकारले गेले. गुरुदास हलला नाही. पुन्हा पुकारले गेले.

“तुमचेंच नांव घेतात न्हय, भाऊ?”

“नांवासारकें नांव आसता,” गुरुदास म्हणाला, आणि चहा पिणाऱ्या भाच्याला आणायला जो बाहेर पडला तो थेट बसमध्ये जाऊन बसला. विठू आपल्याहून वरचढ ठरला की खालचा, याचा निवाडा त्याला अस्नोड्याचा पूल येईपर्यंत करता आला नाही. आणि पुढे तो त्याने करायचाही सोडून दिला.

राहिले ऑनलाइन. सेजलने स्वतःच्या नावाने वेळ घेतली होती. फॉर्ममध्ये भाषा विचारली होती, आणि तिथे मात्र गुरुदासाने क्षणाचाही विचार न करता मराठीवर बोट ठेवले. राजभाषेच्या आंदोलनात पेडण्यापासून पणजीपर्यंत घोषणा देत गेलेल्या माणसाला तेवढा तरी निर्णय अवघड नव्हता. घरात ज्या बोलीत तो जेवायला मागत असे, ती मराठीची की कोंकणीची, यावर त्याने अर्धे आयुष्य भांडण्यात घालवले होते. गंभीर बोलणे मात्र पुस्तकी मराठीतच व्हावे, याबद्दल त्याचा स्वतःशी कधीच वाद झाला नव्हता.

नेटवर्क फक्त पुढच्या खोलीतल्या जनेलाशी येत असे. गुरुवारी सकाळी त्याने खिडकीशी बसायला लाकडी कदेल ओढली, इस्त्रीचा सदरा घातला आणि दार लावून घेतले. पडद्यावर पुण्याची एक तरुण समुपदेशिका आली. चेहरा शांत, आवाज मऊ. तिचे नाव शुभांगी.

“काय त्रास होतो ते तुमच्या शब्दांत सांगा, काका.”

आता, गुरुदासाला त्रास सांगण्याची एकच रीत ठाऊक होती. चाळीस वर्षे त्याने दुसऱ्यांचीच दुखणी मांडली होती. ज्याचे दुखणे तो मागे गप्प उभा, आणि बोलणारा पुढे. तो हात जोडल्यासारखा पुढे वाकला आणि म्हणाला, “एक लेकरू आहे. देवासमोर उभे राहिले की त्याचा श्वास अडतो. आपण मरतो असे त्याला वाटते. त्याची ही पीडा दूर व्हावी.”

शुभांगीने मान हलवून काही टिपले. “किती मोठा आहे? शाळेत जातो?”

“शाळा केव्हाच सुटली.”

“म्हणजे तरुण आहे. घरातलाच ना?”

“घरातलाच.”

“तुमचा मुलगा.”

हा प्रश्न नव्हता, त्यामुळे त्याला उत्तरही द्यावे लागले नाही. पुढची चाळीस मिनिटे गुरुदासाने त्या मुलाविषयी इतके नेमके, इतके मुद्देसूद आणि इतक्या मायेने सांगितले, की शुभांगी म्हणाली, “असा बाप असणं ही मोठी गोष्ट आहे, काका. पुढच्या वेळी त्याला बसवाल माझ्यासमोर?”

“सांगतो त्याला,” गुरुदास म्हणाला.

पडदा मिटला तेव्हा त्याला बरे वाटत होते, हेच सर्वांत गोंधळात टाकणारे होते. कोण बरे झाले होते? त्या मुलाचे त्याला खरोखरच वाईट वाटत होते.

सोमवारी दुपारी सुमंगला काजूच्या बागेतून परतली, ती मोबाइल कानाला लावूनच. चेहरा असा, की दारातला कुत्राही बाजूला झाला.

“उलय तुज्या बापायकडे,” म्हणत तिने मोबाइल स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

“बाबा,” सेजलचा आवाज आला, “पुण्याच्यान म्हाका मेसेज आयला. वाचून दाखयतां. ‘आपल्या भावाचे सत्र गुरुवारी सकाळी अकरा वाजता. वडिलांनी दिलेली माहिती: शाळा सुटली आहे; देवासमोर श्वास अडतो.’ बाबा, म्हाका भाव आसा?”



“बत्तीस वर्सां!” सुमंगला कडाडली. “शेनवारी हाफ डे आसतानाय सांजेच्याच बशीन येताले. हांव म्हणटालें, फायली चड आसात! कोण ती? डिचोलीची काय साखळेची?”

“सुमंगला, तू—”

“भुरगो शाळेंतल्यान सुटलोय म्हणे! लग्नाक आपयतले तरी आमकां?”

“आई, तू रडता काय हांसता?” सेजलने विचारले.

“म्हाकाच कळना!”

खरे म्हणजे गुरुदासालाही क्षणभर कळेना. समोरून आरोप इतका भक्कम होता, की आपल्याला डिचोलीत खरेच कुणी आहे की काय, असे त्याच्या मनात येऊन गेले. मग तो अगदी हळू म्हणाला, “तो भुरगो म्हणजे हांवच.”

 

“तुमी?” सुमंगला म्हणाली. “पूण देवासमोर श्वास अडलो म्हण सांगलां थंय. तुमचेर तर देव आयिल्लो!”

“आयिल्लो ना.”

ती मटकन खुर्चीवर बसली. दसऱ्यापासून ती रोज त्याच्या नावाने देवापुढे एक वात जास्त लावत होती. सेजलने “बाबा, हांव मागीर फोन करतां” म्हटले आणि फोन ठेवला. सुमंगला बराच वेळ टेबलावरचा धान्याचा कण बोटाने इकडून तिकडे करत राहिली.

“मग आतां खंय वचपाचें?” तिने शेवटी विचारले. “पुणें काय डिचोली? डिचोलीक जाल्यार हांव येतां वांगडा.”

मूळ प्रश्न जिथे होता तिथेच होता. उलट त्याला शेंडे फुटले होते. पुण्यात त्याचा एक मुलगा नोंदलेला होता आणि डिचोलीत एक भाचा चहा पीत होता. गुरुदासाने त्यातल्या त्यात कचेरीचा नियम धरला: ज्या दप्तरात चूक पडली, त्याच दप्तरात ती आधी दुरुस्त व्हावी.

“आदीं गुरुवार,” तो म्हणाला. “मागीर मंगळवार. उपरांत सारकें खंय तें पळोवया.”

“म्हणजे ठरयलें ना अजून.”

“ना.”

गुरुवारी त्याने दार लावले नाही. सुमंगला उंबऱ्यावर नारळ किसायच्या निमित्ताने आडोळीवर, म्हणजे विळीवर, बसली. किसत मात्र काहीच नव्हती. पडद्यावर शुभांगी आली आणि त्याच्या खांद्यामागे कुणी दिसते का ते पाहू लागली.

“आला का मुलगा?”

गुरुदासाने खिडकीची चौकट धरली. छातीवर पाटा येऊन बसला होता. त्याने तो तसाच राहू दिला आणि बोलायला सुरुवात केली. “मुलगा नाही. मला मुलगा नाहीच. तो मी आहे. लोकांना वाटले देव अंगात आला. मी त्यांना तसे वाटू दिले, कारण देव आला म्हटल्यावर माणसाला कुणी काही विचारत नाही. मला भीती वाटते. कशाची, ते मला ठाऊक नाही. चाळीस वर्षे मी सगळ्यांची भीती देवाला सांगितली, माझी कशी सांगतात ते मला येत नाही. यंदाच्या जत्रेला मी उभा राहणार नाही. सखारामला आजच सांगतो, आणि कारणही सांगतो. मी खाली लोकांत उभा राहीन. तिथेही श्वास अडला तर काय करावे, तेवढे मला सांगा.”

श्वास तुटत होता. वाक्ये कधी नव्हे ती वेडीवाकडी येत होती. पण ती आली. शुभांगी ओठ किंचित विलग करून, पापणी न लववता, अतिशय शांतपणे ऐकत होती. इतके निश्चल ऐकणारे माणूस त्याला आजवर भेटले नव्हते. मग त्याच्या ध्यानात आले, की ती खरोखरच हलत नव्हती. पडद्यावर एक चाक गरगर फिरत होते.

डोक्यावरून मोपाकडे उतरणारे विमान गेले. चाक थांबले आणि शुभांगी एकाएकी जिवंत झाली.

“सॉरी काका, नेटवर्क गेलं होतं. ‘मुलगा’ या शब्दानंतर मला काहीच ऐकू आलं नाही. पुन्हा सांगाल?”

गुरुदास पडद्याकडे पाहत राहिला. हसावे की फोन बंद करावे, की उठून मंगळवारची वाट धरावी, त्याला उमगेना. त्याने वळून उंबऱ्याकडे पाहिले. सुमंगलाच्या हातात नारळाची अख्खी कवड तशीच होती, आणि तिचे डोळे लाल झाले होते. तिने एकूण एक शब्द ऐकला होता.

तिने पदराने नाक पुसले.

“सांगा परत,” ती म्हणाली. “म्हाकाय सारकें आयकूंक आयलें ना.”