राखलेला बांध

शामकांतने आपल्या खुर्चीवरची बंदुकीची पेटी उचलून खाली ठेवली, आणि नृसिंहराव बघताहेत असे दिसताच ती पुन्हा खुर्चीवर ठेवून स्वतः उभा राहिला.

पेटी मुंबईच्या साहेबांची होती. साहेब आतल्या खोलीत जेवून घोरत पडले होते. बांधावरच्या झाडांचा पिकाला फायदा होतो की तोटा, हे पाहण्याची योजना मार्चअखेर संपत होती. ती पुढे चालवायची तर साहेबांचा होकार हवा होता, म्हणून योजनेचे प्रमुख नृसिंहराव त्यांना देवळाली प्रवऱ्यापर्यंत घेऊन आले होते. सकाळी शामकांतने आलेख उघडले तेव्हा साहेबांनी घड्याळ पाहिले, आणि शिकारीचा विषय निघाला तेव्हा खुर्ची पुढे ओढली. नृसिंहरावांना असल्या गोष्टी पटकन कळत.

"पुंजारामच्या बांधावर तित्तर आहेत ना?" किल्लीने कान कोरत ते म्हणाले. "संध्याकाळी कुठल्या झाडावर बसतात, ते तुम्हालाच ठाऊक."

"सर, आपला अभ्यास त्यांच्यावरच चाललाय."

"बांध राहिला तर तित्तर पुन्हा होतील. योजना गेली तर बांधही जाईल आणि तुमची नोकरीही." त्यांनी किल्लीचे टोक निरखून पाहिले आणि पँटीला पुसले. "साहेबांना चहा सांगा."

आपल्याला किळस आली ती त्या किल्लीची, असे शामकांतने मनाशी ठरवून टाकले आणि तो चहा सांगायला गेला.

पुंजारामचा बांध म्हणजे बोरी, बाभळी, हिवर आणि खाली तरवडाची दाटी. पाटाचे पाणी आल्यापासून पुंजारामला तिथपर्यंत ऊस न्यायचा होता. झाडांच्या सावलीचा पिकाला वसवा लागतो, ऊस खुरटतो, म्हणून सगळा बांध एकदाचा साफ करून टाकायचा होता. शामकांत दोन वर्षे त्याच्या ओसरीवर बसून त्याला समजावत आला होता. तित्तर वाळवी खातात, झाडांवरची पाखरे हरभऱ्यातली अळी वेचतात, मुळे माती धरून ठेवतात. पुंजाराम चहा पाजायचा, व्हय व्हय म्हणायचा आणि शेवटी वसव्याचे काय, एवढेच विचारायचा. पण माणूस भिडस्त होता. तुमची योजना आहे तोवर कुऱ्हाड लावत नाही, असा शब्द त्याने दिला होता आणि तित्तर धरायचे आपले जाळेही गुंडाळून ठेवले होते. शामकांतचे सगळे काम त्या शब्दावर उभे होते.

दिवस कलताना जीप बांधापासून लांब उभी राहिली. पुंजाराम आधीच येऊन थांबला होता. त्याने बंदुकीकडे पाहिले, मग शामकांतकडे. शामकांतने तोंड उघडायच्या आत नृसिंहरावांनी सांगून टाकले, की साहेब आपले पाहुणे आहेत, त्यांना थोडी पाखरे हवीत आणि जेवण तुमच्याच घरी करायचे म्हणताहेत. पुंजाराम हसून पुढे झाला. त्याने निदान एकदा तरी का म्हणून विचारावे, असे शामकांतला वाटत होते. त्याने विचारले नाही.

शाळूच्या उभ्या ताटांमागून तित्तरांची साद आली. मग ते बांधाच्या कडेने तुरुतुरु धावत निघाले आणि एकेक करून मधल्या बोरीत चढले. साहेबांना उडते पाखरू आता नेमके टिपता येत नव्हते. म्हणून सगळे फांदीवर बसून, अंग फुगवून, एकमेकांना चिकटून गप्प होईपर्यंत थांबायचे ठरले. युक्ती नृसिंहरावांची, पण तित्तर रात्री चिकटून बसतात ही माहिती शामकांतच्या अहवालातली. आजवर कोणाच्या उपयोगी पडलेले त्यातले तेवढेच वाक्य.

"कुठं?" साहेबांनी हळूच विचारले.

शामकांतने बोट दाखवले.

एकाच बारात बरेचसे खाली आले. उरलेले फडफडत उसात घुसले. एक तित्तर तरवडात पाय झाडत राहिला होता. जीपच्या ड्रायव्हरने त्याची मान पिळली, सगळ्यांचे पाय सुतळीने बांधले आणि भाजीची जुडी द्यावी तशी ती जुडी शामकांतच्या हातात दिली. ती अजून गरम होती. साहेब शाबास म्हणाले आणि शामकांतच्या तोंडून, सवयीने, थँक्यू सर निघून गेले.

पुंजारामची बायको छबूबाई चुलीमागे पाखरे सोलायला बसली. एकाच्या गळ्यातली पिशवी फाडून तिने शामकांतला हाक मारली.

"भाऊसाहेब, ह्यात समदी वाळवीच हाय की."

तिने बोटावर घेऊन दाखवले. आजवर लोकांना तो हेच तर सांगत आला होता. पाखरू मारून पोट फाडायला मन होत नव्हते, म्हणून पुरावा तेवढा हाती नव्हता. त्याने नृसिंहरावांना बोलावले. जेवणाआधी ती घाण कशाला, म्हणून ते उठलेच नाहीत. छबूबाईने तो लगदा कुत्र्यापुढे टाकला.

अंगणात पंगत बसली. शामकांतसाठी वेगळे पिठले केले होते. साहेब ढाक्याच्या विजयाबद्दल बोलत होते आणि मध्येच दाताखाली आलेला छर्रा काढून ताटाच्या कडेला ठेवत होते. रस्सा मनगटापर्यंत ओघळला की तो चाटून घेत होते. मांस खाणाऱ्यांचा शामकांतला कधी तिटकारा नव्हता. कॉलेजात त्याच्या खोलीतली मुले त्याच्या समोर बसून खायची. हा तिटकारा वेगळा होता, कारण त्यात त्याचे स्वतःचे बोटही होते.

"नृसिंहराव, हे बांध मोडू देऊ नका हो," साहेब हाड चोखत म्हणाले. "योजना चालू ठेवा. आणखी दोनचार गावं घ्या. कागद पाठवा, मी बघतो."

नृसिंहरावांनी आपला उष्टा हात तसाच शामकांतच्या खांद्यावर ठेवला. सदऱ्यावर तेलाचा डाग उठला.

हात धुऊन साहेब आणि नृसिंहराव जीपकडे गेले. आपण मागाहून चालत येतो, असे सांगून शामकांत पानावर बसून राहिला. त्याची भाकरी अजून तशीच होती. जीप गेल्यावर पुंजाराम त्याच्यासमोर उकिडवा बसला.

"भाऊसाहेब, बांध ऱ्हाऊ द्यायचं ठरिवलं म्या."

हे एक वाक्य ऐकण्यासाठी शामकांतने या घरचा कितीतरी चहा ढोसला होता.

"आणि वसवा?" त्याने विचारले.

"लागू द्या लागला तर. साह्येब माझ्या पान्याच्या पाळीचं वर बोलनार हायेत. पुढल्या थंडीत परत येतो म्हनले." पुंजाराम जरा पुढे सरकला. "तवा मला एक सांगा. तवर त्यास्नी पुरतील येवढी पाखरं व्हायला आता किती राखावी लागत्याल?"

शामकांतला वाटले, पान सारून उठावे, या माणसाला चार शब्द सुनावावेत. पण उत्तर त्याला पाठ होते.

"निदान दोन जोड्या," तो म्हणाला. "आणि चैत्रापासून कुत्रं बांधून ठेवा. जमिनीवर अंडी घालतात ती."

पुंजाराम आणखी विचारत गेला. घरटे कुठे करतात, पिले कधी उडायला लागतात, खालचा तरवड तोडला तर चालेल का. स्वतःच्याच आवाजाची शिसारी येत होती, तरी शामकांत सगळे नीट सांगत राहिला, कारण इतके मन लावून ऐकणारा माणूस त्याला या कामात पहिल्यांदाच भेटला होता.