केसांच्या मुळांची दिशा

"मावशी, जिंकलो!" सूक्ष्मदर्शकावरून मान न उचलता भाची म्हणाली. "ते जनुक काढलेल्या पिल्लात केसांची मुळं अर्ध्यातच अडलीत."

दोघी एकाच प्रयोगशाळेत होत्या. उंदराच्या पिल्लाच्या कातडीत केस कसा रुजतो, हा भाचीच्या प्रबंधाचा विषय. उद्या तिला हाच निष्कर्ष सरांपुढे मांडायचा होता.

"सरका बाईसाहेब, बघू दे."

निरोगी पिल्लाच्या कातडीत मुळं वरच्या थरातून निघून तिरपी, लांब खाली उतरली होती. दुसऱ्या पिल्लाची खरंच आखूड होती. पण काही तुकडे वरच्या थराला चिकटलेलेच नव्हते.

"हे अधांतरी कुठून आले गं?"

"असतील तसेच."

"मूळ वरून खाली वाढतं. मधेच कसं उगवेल?"

भाचीचा चेहरा पडला. "तुला माझं चांगलं बघवत नाही का?"

"बघवत नसतं, तर लहानपणी तुझ्या उवा काढत बसले असते?"

"हळू बोल, सगळे ऐकतायत!" भाचीला हसू आलं. मग ती पुन्हा भिंगात डोकावली. "कातडी बसवलेल्या मेणाच्या ठोकळ्यातून सगळे काप मी डोक्याकडून शेपटीकडे घेतले. निरोगी मुळं त्याच रेषेत कललेली असतात, म्हणून अख्खी सापडली. ही भलतीकडे वळलेली असली तर... पात्यानेच तोडली असतील."

"कातडी उरलीय का?"

उरली होती. भाचीने ती न कापता रंगवली, आतली बाजू वर करून सपाट पसरली आणि भिंगाखाली ठेवली. मुळं पुरेपूर लांब होती. फक्त एकाचं तोंड इकडे, तर दुसऱ्याचं तिकडे. कुठे कुठे तर चक्क भोवरे पडले होते.

"गेला माझा निष्कर्ष," ती पुटपुटली. पण डोळा भिंगावरून हटेना. "या जनुकाचं प्रथिन प्रत्येक पेशीच्या एकाच कडेला गोळा होतं. म्हणजे शेजारणीला ते सांगत असणार, वळायचं कुठे. वाढ थांबलीच नव्हती, मावशी. दिशा हरवली होती."

"मग सरांना?"

"हेच सांगणार. आधी रागावतील."

"रागावू देत. मी मागच्या खुर्चीत बसते."

भाचीने शीर्षक खोडलं आणि नव्याने लिहायला घेतलं. मावशीने तिच्या आईला फोन लावला. "ताई, जेवायला थांबू नकोस. नाही गं, भांडलो नाही. बरं, भांडलो थोडं. तुझी लेक आता ऐकायच्या मनःस्थितीत नाही, कामाला लागलीय."