संडासाच्या लाइनीचा इमा

पैज लागली ती काष्टी गावात, छबूबाईच्या चहाच्या टपरीवर, आणि लागली ती संडासाच्या पाइपावरून.

रंगनाथच्या नव्या घराची मैलापाण्याची लाइन फुटली होती. अंगणात दलदल, गल्लीभर वास. तरी गडी निवांत बशीतून चहा ओढत म्हणाला, "आपल्याला काय घोर न्हाई. घराचा इमा हाय. कंपनी दील भरून."

शेजारच्या सूर्यभानला हातातला चहा एकदम कडू लागला.

"इमा? संडासाचा?" पलीकडच्या बाकावरही ऐकू जावं असा त्यानं आवाज लावला. "आरं, आग लागली, चोरी झाली तर इमा. तुझी घाण निस्तरायला कंपनी काय खुळी हाय व्हय?"

"लाव पैज!"

"लावली! कंपनीनं दिलं तर आठवडे बाजारात मी गळ्यात कमोडची सीट घालून फिरन. न्हाई दिलं तर तू!"

"आन वरडायचं बी. रंगनाथशेठचा इमा पावला म्हनून!"

सगळी टपरी खदाखदा हसली.

सूर्यभान तसा उभ्या आळीची टर उडवणारा माणूस. पण रंगनाथचं नाव निघालं की त्याचं हसू आंबायचं. भिंतीला भिंत लागून घरं. रंगनाथकडं इंग्लिश कमोड बसला, तेव्हा सत्यशीला, सूर्यभानची बायको, बघून आली आणि म्हणाली, "आवं, खुर्चीत बसल्यावानी वाटतंय." त्या खुर्चीपायी सूर्यभानला कितीतरी दिवस भाकर गोड लागली नाही. आणि आता वरून विमा! घाण वाहून न्यायलासुद्धा ह्याच्यामागं कंपनी उभी!

गंमत अशी, की लाइन कुणी फोडली हे एकट्या सूर्यभानलाच ठाऊक होतं. रंगनाथ घरच्यांना घेऊन जामखेडला लग्नाला गेला होता. फाटक अजून बसलं नव्हतं. सूर्यभाननं वळायला सोपं म्हणून उसाची भरली ट्रॉली मागं घेत त्याच्या अंगणात घातली. खालून कडाड् वाजलं, चाक रुतलं. त्यानं ट्रॉली ओढून काढली, माती सारली, वर पाचट पसरलं आणि शीळ घालत घरी गेला.

मग विमा कंपनीच्या पाहणीला नगरहून दीपा मॅडम आल्या. लाइन उकरून ठेवली होती. सगळी गल्ली गोळा झाली.

"कशानं फुटली, काका?"

"काय म्हाईत, मॅडम. लग्नावरनं आलो तर फुटल्याली."

"आपोआप झिजली असेल, झाडाची मुळं शिरली असतील, तर काही मिळत नाही. अचानक अपघात झाला तरच मिळतं. दुसऱ्या कुणाची गाडी वरून गेली असती, तर कंपाउंडच्या आतली लाइन तुमच्या पॉलिसीत बसली असती."

रंगनाथचा चेहरा उतरला. सूर्यभानच्या पोटात पेढा विरघळला. आता नुसतं गप्प बसायचं होतं.

मॅडम खाली वाकल्या. "पाइप चेपल्यासारखा दिसतोय. एखादी ट्रॉली आली होती का आत?"

"आली आसंल तर गोरक्षनाथची," छबूबाई म्हणाली. "पाइप चेपायचा म्हंजी भार तसाच लागतो."

गावात सगळ्यात जड ट्रॉली ओढणारा म्हणून नाव असलेला गोरक्षनाथ गर्दीतच होता. त्यानं मिशीवर हात फिरवला. "त्या दिशी मी पुणतांब्याला हुतो. हितं आसतो तर पाइप काय, भिंत बी ऱ्हायली नसती."

"खरं हाय गड्या," गर्दी म्हणाली.

सूर्यभानचे कान तापले.

"मंग आपोआपच फुटली म्हनायची," छबूबाईनं निकाल दिला. "गोरक्षनाथशिवाय आसा भार वडतंय कोन?"

"व्हय की," सत्यशीलानं हळूच पुस्ती जोडली. "आमच्या ह्यांच्या ट्रॉलीखाली तर पापड बी मोडत न्हाई."

"पापड?" सूर्यभान उसळला. "पापड? आगं, माझीच ट्रॉली हुती! काठोकाठ भरल्याली! एका दणक्यात पाइप चपटा केलाय म्या! इचार त्या गोरक्ष्याला, जमतंय का?"

सगळी गल्ली त्याच्याकडं वळली. सत्यशीलानं मात्र पदर तोंडाला लावला.

मॅडमनी शांतपणे पेन उघडलं. "ट्रॉलीचा नंबर सांगा, काका. आणि कंपनी नंतर पैसे वसूल करायला तुमच्याकडंही येईल हं."

विमा मंजूर झाला.

बाजारच्या दिवशी सूर्यभान गळ्यात पांढरीशुभ्र सीट घालून निघाला. कांद्याच्या ढिगांपासून बैलांच्या दावणीपर्यंत नुसता कल्ला. "रंगनाथशेठचा इमा पावलाऽऽ!" तो ओरडायचा आणि लगेच पुढं जोडायचा, "पाइप फोडला सूर्यभाननंऽऽ!" पोरींनी मोबाईल काढले. म्हाताऱ्यांनी फोटोसाठी त्याच्या खांद्यावर हात टाकले. एकानं त्याला फुकटची भेळ चारली.

रंगनाथ इस्त्रीचा सदरा घालून मागून चालत होता. त्याच्याकडं कुणी ढुंकूनही बघेना. वडापावच्या गाडीपाशी त्याला राहवेना. तो पुढं आला आणि सीटला हात घातला.

"आण ती हिकडं. आता जरा मी घालतो."

"हात काढ!" सूर्यभाननं सीट दोन्ही हातांनी छातीशी धरली. "पैज म्या हारलोय!"