कपाटामागचा कोनाडा

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका वाचनालयात बायकांच्या चित्रकला वर्गाचं प्रदर्शन भरलं होतं. विषय होता, ‘माझं घर’. निवृत्त हेडक्लार्क वेणीमाधव देशमाने वर्तमानपत्र वाचायला आले होते, ते सहज आत डोकावले आणि अकराव्या चित्रापाशी थबकले.

चित्रात त्यांचीच मागची खोली होती. त्यांनी स्वतः आखून दिलेली, सात किरणांच्या सूर्याची खिडकीची जाळी. कमानीचा कोनाडा, डाव्या बाजूला कोपरा उडालेला. फक्त जमिनीवर तीन विटांची चूल होती, ती मात्र त्यांच्या घरात कधीच नव्हती. खाली लिहिलं होतं : माझं घर – महादेवी कोळी.

जाळी रस्त्यावरून दिसत असेल. पण तो कोनाडा वास्तुशांतीपासून लोखंडी कपाटामागे होता!

घरी येताच त्यांनी बायकोला विचारलं, “अनसूया, महादेवी कोण? आपण गावाला गेलो की किल्ली कुणाकडे असते?”

“कुणाकडेच नाही. काय झालं?”

त्यांनी सांगितलं. अनसूयाबाई म्हणाल्या, “अहो, ते कपाट तुम्हाला-मला मिळून हलत नाही. भिंतीतून बघितलं का तिनं?”

वेणीमाधवांना हसू आलं नाही. ‘माझं घर’ असं उघड लिहिणाऱ्या बाईचा हेतू काय असेल? त्यांनी घराची कागदपत्रं काढून पानन् पान तपासलं. दुपारी कुलूपही बदललं.

दुसऱ्या दिवशी ती बाई चित्राजवळच बसलेली सापडली. चाळिशीच्या आतबाहेरची, एका वसतिगृहात स्वयंपाक करणारी.

“माझ्या घरात तुम्ही कधी शिरलात?” त्यांनी सरळच विचारलं.

“तुमच्या? कुटं हाय तुमचं घर?”

त्यांनी जुळे सोलापुरातला पत्ता सांगितला. ती उठून उभी राहिली.

“तुमी देशमाने सायेब व्हय? बांधकाम चालू हुतं तवा माझा बा तितं वॉचमन हुता. वर्सभर ऱ्हायलो की आमी. मी नऊ वर्सांची.”

“मला तर तिथं कधी कुणी दिसलं नाही.”

“तुमी ऐतवारी स्कूटरवर यायचा. आवाज आला की आई चूल इझवायची, आमी मागं वाळूच्या ढिगावर जाऊन बसायचो. धूर दिसला तर कंत्राटदार लई वरडायचा. तुमी गेला की परत आत.”

“बरं. मग आता काय पाहिजे?”

“काय न्हाय.” ती गोंधळली. “बाईंनी ईषय दिला. त्येच्यानंतर धा ठिकाणी ऱ्हायलो, पन डोळे मिटले की हीच खोली दिसली.”

“चित्राचं ते नाव बदला. घर माझं आहे.”

“बदलते की.” तिनं पिशवीतून पेन काढलं आणि चित्राखालच्या नावापाशी टेकवलं. “काय लिवू, सायेब?”

ती खरोखरच वाट बघत होती.

“राहू द्या,” ते म्हणाले.

घरी हे सगळं ऐकून अनसूयाबाई स्वतः जाऊन तिला रविवारी जेवायला बोलावून आल्या. वेणीमाधवांना ते पटलं नाही. ती आली तेव्हा ते पंक्तीलाही नीट बसले नाहीत. तिची नजर कुठं जाते तेच बघत राहिले. खोली बघू का, असं ती आता विचारेल, मग विचारेल, असं त्यांना वाटत होतं. तिनं काहीच विचारलं नाही. भाकरी आवडली म्हणाली, आणखी अर्धी घेतली.

जेवण झाल्यावर मात्र ती उठली आणि कुणी दाखवायच्या आत मागचं दार उघडून अंगणातल्या नळावर गेली. वेणीमाधव लगबगीनं मागोमाग गेले.

“आत बेसिन आहे,” ते म्हणाले.

“असू द्या. मला हितलंच म्हाईत हाय.”

ती हात धुऊन वळली. वेणीमाधवांनी दोरीवरचा स्वतःचा पंचा ओढला आणि तिच्यापुढं धरला.