मधला चेंडू

चष्म्याच्या दुकानात नवरा-बायको दोघं बसायचे. तो पुढे, ती मागे. पुढे काचेच्या कपाटांजवळ उभा राहून तो गिऱ्हाइकांना फ्रेमा दाखवायचा, आरसा धरायचा, "ही घालून बघा, घरचे ओळखणार नाहीत" म्हणायचा. मागच्या अंधाऱ्या खोलीत ती डोळे तपासायची. सगळा बाजार त्याला दादा म्हणायचा, आणि म्हणून तिला वहिनी.

दादा बोलका माणूस. आवाज चढवलेला कुणी कधी ऐकला नव्हता. बायकोवर तर त्याचा इतका जीव, की तिला पाणी हवंय हे तिच्या आधी त्याला कळायचं. ती खोलीतून बाहेर येऊन "यांचा जवळचा..." एवढं म्हणेपर्यंत "नंबर वाढलाय!" हे तो बोलून मोकळा. तिचं डोकं दुखलं, तर गिऱ्हाइकांना सांगायचा, "आज आमचं डोकं दुखतंय." बँकेत दोघं, बाजारात दोघं, लेकीचा फोन आला की स्पीकर लावून दोघं. लेक शिकायला परगावी गेल्यापासून तर घर ते दुकान आणि दुकान ते घर, एकाच स्कूटरवर, त्याच्या पाठीकडे बघत. कधी कधी अंधाऱ्या खोलीत, समोरचा माणूस तक्त्यावरची अक्षरं वाचत असताना, वहिनींना उगाच श्वास अपुरा पडल्यासारखं व्हायचं. पण तक्रार करायची तरी कसली? बहिणीला एकदा सांगून बघितलं, तर ती म्हणाली, "तुला सुख बोचतंय."

एकदा दादा मालाच्या खरेदीला गेला होता. त्या दिवशी दुकानात एक तरुण बाई आली. उंच, उन्हाने रापलेली, एक खांदा किंचित खाली. टेनिसची कोच होती. पूर्वी स्पर्धा खेळायची, खांदा गेला तेव्हापासून मोठ्या माणसांना शिकवायची: डॉक्टर, वकील, नोकरदार, ज्यांनी उभ्या जन्मात रॅकेट धरली नाही असे. तपासताना टेबलाच्या कडेवरून लेन्सची डबी घरंगळली. वहिनींनी ती मान न वळवता हवेतच पकडली.

"काकू, तुम्ही डावऱ्या?" कोचने विचारलं.

"होते. आईने चापट्या मारून मोडलं."

"मोडलं कुठे? आत्ता तर पकडलीत." मग म्हणाली, "सकाळी या ना एकदा. पाण्याच्या टाकीमागे कोर्ट आहे. नाही आवडलं तर जा परत."

दादा सकाळी उशिरा उठणारा. वहिनी फिरायला जाते म्हणून निघाल्या आणि टाकीमागे गेल्या. तांबड्या मातीचं एकच कोर्ट, भोवती गंजकी जाळी, कडेला एक बाक. कोचने त्यांच्या डाव्या हातात रॅकेट दिली आणि अलीकडून एक एक चेंडू टाकायला सुरुवात केली. पहिले सगळे मधल्या जाळीत गेले. मग एक बरोबर लागला. त्याचा आवाज असा काही निघाला, की वहिनी हातातल्या रॅकेटकडे बघतच राहिल्या.

"बघितलंत, काकू?"

"काकू म्हणू नका हो."

"मग काय म्हणू?"

वहिनींनी मनातल्या मनात नावं चाळली. घरी 'अगं', बाजारात 'वहिनी', भाच्यांत 'मामी'. कोच हसली. "जाऊ दे. मी तुम्हाला डावरीच म्हणणार."

त्या आठवड्यातून दोनदा जायला लागल्या. कोच नाराज झाली की तोंडावर सांगायची. "पाय कुठेत तुमचे, डावरी? घरी ठेवून आलात?" तिचं असं बोलणं त्यांना औषधासारखं लागू पडलं. चेंडू अंगावर यायचा तेव्हा त्यांच्या वतीने कुणी काही बोलायचं नाही, करायचं नाही. मारला तर त्यांनीच, चुकला तर त्यांचाच. बाकावर बसून पाणी पिताना त्यांना वाटायचं, हे घरी सांगायला हवं. आणि लगेच वाटायचं, नको. लपवण्यासारखं काहीच नव्हतं. म्हणूनच ते लपवणं त्यांना जपावंसं वाटत होतं.

फुटलं ते बँकेतल्या साहेबांमुळे. तेही कोचकडे शिकायचे. चष्म्याची काडी बसवायला दुकानात आले आणि म्हणाले, "दादा, वहिनींचा फोरहँड म्हणजे तोफ आहे हो!"

"कुणाच्या वहिनींचा?" दादा म्हणाला.

आतल्या खोलीत वहिनींनी हातातली लेन्स खाली ठेवली. आता हा बोलणार, निदान अबोला धरणार. साहेब गेल्यावर दादा पडदा सारून आत आला. त्याचा चेहरा नुसता उजळला होता.

"अगं, सांगायचं नाही का! मला वाटलं नुसती टाकीपर्यंत जाऊन येतेस. कमाल आहे तुझी!"

दुसऱ्या दिवशी त्याने दोन रॅकेट आणल्या, सारख्या रंगाच्या. त्याच्या पुढच्या सकाळी तो पांढरे बूट घालून वहिनींच्या आधी दारात उभा होता.

दादाने कोर्टावर पाऊल ठेवलं आणि कोर्टाचं दुकान झालं. आल्या आल्या त्याने कोचची चौकशी केली, मातीवर पाणी मारणाऱ्या माळ्याची केली, भोवतालची जाळी कुणी रंगवायची ते विचारलं. खेळायला तो तसा वाईट नव्हता. धावायचा खूप, हसायचा खूप. शिकवणी आता दोघांची झाली. कोच वहिनींना काही सांगायला लागली की दादा तेच पुन्हा सांगायचा, जरा सोपं करून. "ती काय म्हणतेय, पाय हलव." वहिनींचा फटका बाहेर गेला की म्हणायचा, "असू दे, असू दे. पहिलाच आहे." आणि एकदा त्याने ते नाव ऐकलं. त्याच दिवशी दुकानात पुकारा झाला, "अहो, आमच्या मिसेसना काय म्हणतात माहितेय? डावरी! डावरी, जरा यांचा नंबर बघ गं!" गिऱ्हाइकं हसली. वहिनी पण हसल्या. खोलीत जाऊन त्यांनी दिवा लावला, बंद केला, पुन्हा लावला.

एकदा दादा माळ्याशी बोलत असताना त्यांनी कोचला हळूच विचारलं, "मला एकटीला दुसरी वेळ मिळेल?"

"दुपारी आहे. या की."

"दुकानातून काय सांगून निघू?"

"खरं तेच सांगा."

"खरं काय आहे? तुम्ही फार चांगले आहात आणि मला इथे नको आहात, हे? असं कुणी कुणाला सांगतं का?"

कोच वाकून चेंडू गोळा करायला लागली. तेवढ्यात दादा आलाच. "काय कुजबूज चाललीय दोघींची? मला पण सांगा!"

थंडीच्या शेवटी कोचने आपल्या सगळ्या विद्यार्थ्यांसाठी रविवारी डबल्सचे सामने ठेवले. हारजितीचं फारसं कुणाला नव्हतं; एकमेकांच्या ओळखी व्हाव्यात एवढंच. दादाने अर्थातच दोघांचं नाव आधी दिलं. पहिला सामना बँकेतले साहेब आणि त्यांची बायको यांच्याशी. उतरण्याआधी कोचने दोघांना बाजूला घेतलं.

"दादा डावीकडे, डावरी उजवीकडे. म्हणजे मधला चेंडू दोघांच्याही चांगल्या हातावर येणार. भांडण नको. ज्याचा फटका भारी, मधला त्याचा. दादा, तो डावरीचा. कळलं?"

"शंभर टक्के!" दादा म्हणाला. "मधला मॅडमचा."

पहिला मधला चेंडू आला आणि "माझा!" म्हणून दादा धावला. "सॉरी, सॉरी," तो म्हणाला. दुसरा आला, तोही धावला. मग सॉरी म्हणायचंही राहून गेलं. मागे उंच गेलेला, जाळीजवळ पडलेला, अगदी वहिनींच्या उजव्या कडेला आलेलासुद्धा, सगळे त्याचे. "माझा! माझा! अगं सोड, मी आहे!" बाकावरची मंडळी टाळ्या वाजवत होती. दादा घामाघूम होऊन वाकून दाद घेत होता. वहिनी आपल्या चौकोनात उभ्या होत्या. एखाद्या समारंभात फुलदाणी ठेवतात तशा. गुण जिंकले जात होते, आणि प्रत्येक गुणानंतर तो येऊन त्यांच्या रॅकेटला रॅकेट लावायचा. "छान खेळतोय आपण!"

मग साहेबांच्या बायकोने एक चेंडू सावकाश, कमरेच्या उंचीचा, नेमका मधोमध पाठवला. वहिनींनी तो तिच्या रॅकेटवरून सुटतानाच हेरला. पाय आपोआप वळले, डावा हात मागे गेला. डोळ्याच्या कोपऱ्यात पांढरे बूट आले. "माझा!" ऐकू आलं. फटका थांबवायला वेळ होता. फार नव्हता, पण होता.

वहिनींनी हात सोडला.

रॅकेटची कड दादाच्या उजव्या भुवईवर बसली. तो खाली बसला, हात तोंडावर, बोटांमधून रक्त. कोच बर्फ घेऊन धावली, साहेबांनी गाडी काढली. दवाखान्यात टाके घालताना दादा म्हणत होता, "डॉक्टर, जरा बारीक शिवा. कापड जुनं आहे." आणि मग वहिनींकडे वळून, "तू घाबरू नकोस गं. माझीच चूक. मधे आलो."

दुपारी तो पलंगावर पडला होता, अर्ध्या कपाळावर पट्टी. वहिनींनी चहा नेला. त्यांचं रस्ताभर स्वतःला विचारून झालं होतं. मारायचं होतं का? नव्हतं. त्याला लागावं असं क्षणभरही वाटलं नव्हतं. फक्त थांबायचं नव्हतं.

"मी कोचना फोन केला," दादा म्हणाला. "म्हटलं, बास झालं आमचं."

"आमचं?"

"उगाच कशाला या वयात? तुलाही धक्का बसलाय. बघ, हात कसा थरथरतोय." हात थरथरत नव्हता. "आपण संध्याकाळी फिरायला जात जाऊ. दोघं."

"तुमचं बास झालं असेल," वहिनी म्हणाल्या. "माझं नाही."

"एकटी जाणार?"

"एकटीच जात होते."

दादा हसला. "बरं बाई. मी नुसता बाकावर बसेन मग. तोंड बंद ठेवून."

"नको."

त्याला ते नीट ऐकू आलं नसावं, किंवा आलं म्हणूनच तो समजुतीच्या सुरात बोलायला लागला. "अगं, तू मनाला लावून घेतलंयस. अपघात होता तो. मी विसरलोसुद्धा."

विसरलोसुद्धा! वहिनींच्या डोळ्यांसमोर पुढची सगळी वर्षं आली: दर पाहुण्याला सांगितला जाणारा हा किस्सा, त्याची ही माफी, आणि त्या माफीखाली उभ्या असलेल्या आपण. चहाचा कप त्यांनी खाली ठेवला.

"मला दिसला होतात तुम्ही."

"म्हणजे?"

"तुम्ही येताय ते दिसलं होतं. हात थांबवता आला असता."

"मग?"

"नाही थांबवला."

दादाने मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. एक डोळा पट्टीखाली अर्धा झाकलेला. "का?" त्याने विचारलं, अगदी लहान आवाजात.

"तो माझा होता."

त्याने भिंतीकडे तोंड केलं. चहा तसाच गार झाला.

त्यानंतर भांडण झालं असतं तर बरं, असं वहिनींना वाटायचं. भांडण झालंच नाही. पट्टी निघाली, भुवईत एक पांढरी रेघ राहिली. दुकानात येणारा प्रत्येक जण विचारायचा, "दादा, हे काय हो?" ज्याने साध्या शिंकेचीही गोष्ट रंगवून सांगितली असती, तो म्हणायचा, "लागलं." आणि फ्रेमा पुसायला लागायचा. वहिनी बाहेर येऊन "यांचा जवळचा..." म्हणायच्या, तेव्हा वाक्य पुरं करायला आता कुणी नसायचं. ते त्यांना स्वतःलाच करावं लागायचं, आणि इतक्या वर्षांत सवयच नसल्याने त्या मधेच अडखळायच्या. बाजारात कुणाला खरं काय ते माहीत नव्हतं. तरी प्रत्येक नजर आपल्याला जाब विचारतेय असं त्यांना वाटे. लेकीचा फोन आला. दादाने स्पीकर न लावता दोन शब्द बोलून तो वहिनींच्या हातात दिला. लेक म्हणाली, "आई, बाबांना काय झालंय? इतके गप्प का? तू जरा समजून घे ना त्यांना."

"हो," वहिनी म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार?

कोर्टावर त्या गेल्या. पहिल्या दिवशी कोचने काही विचारलं नाही, चेंडू टाकत राहिली. एकही धड लागेना. कोर्ट रिकामं होतं, बाक रिकामा होता, आणि तरी प्रत्येक फटक्याआधी त्या डावीकडे बघत होत्या.

"कुणी नाहीये तिथे, डावरी," शेवटी कोच म्हणाली.

"माहितेय."

"घरी काय परिस्थिती?"

"घरी शांत आहे," वहिनी म्हणाल्या. मग रॅकेटच्या तारा सरळ करत म्हणाल्या, "मला वाटलं होतं, बोलले की सुटेन. आता तिकडे ते कोंडले गेलेत, आणि बाहेरच्या बाजूला मी बसून आहे."

 कोचने पुढचा चेंडू टाकला. तो वहिनींनी मारला, तो बरा गेला.

अशा किती सकाळी गेल्या. त्या उठायच्या तेव्हा दादा जागाच असायचा. श्वासावरून कळायचं. त्या अंधारात बूट चाचपायच्या, तो हलायचा नाही. परत जाऊन पलंगाच्या कडेवर बसावं, त्याच्या खांद्याला हात लावावा, असं त्यांना दर वेळी वाटायचं. तसं केलं तर तो पुन्हा हसेल, उठेल, पांढरे बूट शोधेल, हेही त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्या हात लावायच्या नाहीत. हे दर वेळचं न लावणं त्यांना कुठल्याही व्यायामापेक्षा जड जायचं.

मग एका सकाळी, त्या दाराची कडी काढत असताना, मागून आवाज आला. नुकताच वापरायला काढल्यासारखा, जरा घोगरा.

"येताना पाव आण. संपलाय."

वहिनी थबकल्या. "आणखी काही?"

 पलंग करकरला, त्याने कूस बदलली होती, भिंतीकडे की दाराकडे, ते अंधारात दिसलं नाही.

"नको," तो म्हणाला. "जा तू."

त्यांनी रॅकेट काखेत धरली, दार बाहेरून ओढून घेतलं आणि जिना उतरायला लागल्या.