सावळीरामचे पाण्यातले बूट

"धड बूट घेतल्याशिवाय पाण्याकडे फिरकायचं नाही," असं पायलनं बापाला बजावलं होतं आणि बापानं ते ऐकलं होतं, हीच मुळात नवलाची गोष्ट. सावळीराम ऐकणाऱ्यातला माणूस नव्हे. प्रेसमधून रिटायर झाल्यापासून त्याला दोनच उद्योग: नातीला मोटरसायकलवरून शाळेत सोडणं-आणणं आणि गळ टाकून बसणं. पहिल्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. दुसऱ्यापायी मात्र गेल्या वर्षी दारणा नदीच्या काठावर त्याच्या डाव्या पायाचं एक बोट गेलं. चपलेतून काच वर आली आणि ह्या गृहस्थाला पत्ताच नाही! शुगरनं पाय बधिर झालेला. फरशीवर रक्ताचे ठसे बघून पायल किंचाळली, तर हा म्हणतो, "अगं, माशांचं असेल." पुढे जखम चिघळली, बोट काढावं लागलं. डॉक्टरांनी पायलला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, पुन्हा असं झालं तर बोटावर भागणार नाही, पाय जाईल.

तेव्हापासून गळ माळ्यावर आणि माणूस गॅलरीत, रस्त्याकडे बघत बसलेला. आणि आता खाजाचाचांना काय अवदसा आठवली कोण जाणे, त्यांनी दोघांनी बसायची कयाक विकत घेतली! खाजा म्हणजे प्रेसमधला जोडीदार, पस्तीस वर्षांचा दोस्त. "पाय नावेत राहणार बेटा, काच लागेल कशी?" म्हणाले. रविवारी गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला जायचं ठरवूनच ते घरी आले होते. पायल नाही म्हणणारच होती. पण बापाचा चेहरा असा काही खुलला होता की तिची जीभच उचलेना. म्हणून मग बुटांची अट.

तर शनिवारी दुपारी तिघंही गंगापूर रोडच्या दुकानात. मालक प्रफुल्ल नावाचा तरुण, स्वतः कयाक चालवणारा, उत्साहानं नुसता उतू जाणारा. सावळीरामनं आल्याआल्या गुडघ्यापर्यंतचे गमबूट उचलले.

"हे बेस्ट. काच येऊ दे नाहीतर साप."

"काका, नाव उलटली तर ह्यात पाणी भरतं," प्रफुल्ल म्हणाला. "पायाला बादल्या बांधून पोहाल का?"

गमबूट मुकाट खाली ठेवले गेले. खाजाचाचांनी आपला पाय पुढे केला. "मेरे जैसा सँडल ले. हवा खेळती राहते."

"आणि बोटं उघडी," पायल कडाडली. "गळ अडकला म्हणजे? नऊच राहिलीत चाचा, आणखी कमी करायचीत का?" चाचांनी पाय मागे घेतला.

मग प्रफुल्लनं तिसरा जोड काढला. वरून जाळीचा, बोटं झाकणारा. तळ जाड, पण हातानं वाकवला की वाकतो. तळाला बारीक भोकं, शिरलेलं पाणी चालताचालता निघून जातं. आतला पातळ तळवा काढून वेगळा वाळवता येतो. "काठावर आलात की चहा होईपर्यंत बूट कोरडे," तो म्हणाला. हे पायलला पटलं. ओल्या पायाची कातडी नरम पडते आणि नरम कातडी पटकन फाटते, हे तिनं डॉक्टरांकडून दहादा ऐकलं होतं.

"उजव्यात घालून बघतो," सावळीराम म्हणाला. "हा माझा शहाणा पाय."

पातळ मोज्यावर त्यानं बूट चढवला आणि दुकानात फेऱ्या मारायला लागला. आरशासमोर थांबून पाय वळवून बघितला. मग बुटक्या स्टुलावर बसून, दोन्ही हातांनी हवेत वल्हं मारत, चवडा दाबून जोर लावला. चाचा हसले, प्रफुल्ल हसला, आणि किती दिवसांनी पायलही हसली.

"बाबा, टोचतंय कुठं?"

"छे!"

"घासतंय? नीट सांगा हां."

"अगं, लोण्यासारखा बसलाय. बांधून दे म्हणावं त्याला."

त्यानं बूट काढून तिच्या हातात दिला. आता पायल सातपूरच्या कारखान्यात तपासणीला. दिवसभर हातात लोखंडी भाग, आणि भोकाच्या कडेला धार राहिलीय का ते बोट फिरवून बघायचं. ती सवय हाताची, त्यासाठी डोकं लागत नाही. बोलताबोलता तिनं बुटात हात घातला, बोट तळावरून पुढे सरकवलं, आणि "आई गं!" करून हात बाहेर ओढला.

बोटावर रक्ताचा थेंब होता. लेबल अडकवायची टाचणी बुटाच्या तळव्यात घुसून उभी राहिली होती.

प्रफुल्लचा चेहरा खर्रकन उतरला. "सॉरी ताई, ही कशी काय..." पायलचं लक्ष त्याच्याकडे नव्हतं. ती बापाच्या उजव्या पायाकडे बघत होती. पांढऱ्या मोज्यावर, अंगठ्याच्या खाली, लाल ठिपका. बघताबघता तो मोठा झाला.

"बाबा, मोजा काढा."

"अगं काही नाही, डास चावल्यासारखं..."

"काढा म्हणते ना!"

दुकानातली दोन गिऱ्हाईकं वळून बघायला लागली. पायल खाली बसली, मोजा ओढून काढला. टाचणीनं एकाच जागी चारपाच वेळा भोसकलं होतं. ह्या पायावर तो फेऱ्या मारत होता. चवडा दाबून वल्हं मारत होता. हसत होता!

डावा पाय बधिर झाला तसा हाही चाललाय, आणि आपल्याला हा माणूस वर्षभर सांगतोय की उजव्याला सगळं कळतं.

"कधीपासून?"

"मला आत्ताच समजतंय," सावळीराम तिच्याकडे न बघता म्हणाला. "शप्पथ."

"सावळ्या," खाजाचाचा खालच्या आवाजात म्हणाले, "मला पण नाही सांगितलंस?"

"अरे, मलाच ठाऊक नाही तर तुला काय सांगू!"

प्रफुल्लनं जखम धुवायला औषध आणलं, पट्टी आणली. पायलनं पाय पुसला, बांधला. राग कुणावर काढावा ते समजत नव्हतं. "उद्याचं रद्द," ती म्हणाली. "कयाक नाही, गळ नाही. काही नाही."

सावळीराम वाद घालेल असं तिला वाटलं होतं. त्यानं घातला नाही. "घरी बसून पण पाय चाललाच आहे ना," एवढंच म्हणाला. "निदान पाण्यावर बसून जाऊ दे."

हे मेलं ऐकवतं का कुणाच्या लेकीला? मग तिनं प्रफुल्लकडे रिकामा पुठ्ठा मागितला. आता बापाचं "बरं वाटतंय" कामाचं नव्हतं. तिनं दोन्ही पाय पुठ्ठ्यावर ठेवायला लावले आणि पेननं कडेकडेनं आखले. "माझ्या पायांना काय हात लावतेस पोरी," म्हणून सावळीराम अवघडला, पण पाय मागे घेऊ दिला तर ती पायल कसली! आखलेला पुठ्ठा कापून तिनं बुटात सरकवला. पुठ्ठा दुमडला. म्हणजे लोण्यासारखा बसलेला बूट चक्क आखूड होता. एक नंबर मोठा काढला, पुठ्ठा सपाट बसला. तिनं प्रत्येक शिवणीवरून आतून बोट फिरवलं, एकदा नव्हे, दोनदा.

"ही जखम सुकली की पुढच्या रविवारी," ती चाचांना म्हणाली. "बसायच्या आधी पाय बघायचे, उतरल्यावर पाय बघायचे. तुम्ही बघायचे, चाचा. ह्यांना विचारायचं नाही."

"खुदा कसम," खाजाचाचा म्हणाले. सावळीरामच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला तो खोकला.

तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला. पायलची मुलगी, तेजल. तिसरीतली. सावळीरामचा फोन नेहमीच स्पीकरवर.

"आजोबा, बूट मिळाले?"

"मिळाले गं बाळा, एकदम झकास."

"घट्ट आहेत ना? चपलेसारखे पडणार नाहीत ना?"

सावळीरामनं घाईघाईनं फोनची बटणं दाबायला सुरुवात केली. स्पीकर काही बंद होईना.

"कुठली चप्पल, तेजू?" पायलनं विचारलं.

पलीकडून पोरगी बारीक आवाजात म्हणाली, "आजोबा, सांगू का? तुम्ही नको म्हणाला होतात."

सावळीराम बटणंच दाबत राहिला, तेव्हा तिनंच सांगून टाकलं. "गाडीवरून पडते ना उजव्या पायातली. सारखी पडते. आजोबांना कळतच नाही. मग मी ओरडते, आम्ही थांबतो, मी उतरून आणते. दिवाळीपासून. पण मी रस्ता नीट बघते हं आई."

मोटरसायकलचा मागचा ब्रेक उजव्या पायाखाली असतो. रोज सकाळी ह्या पायाच्या भरवशावर तिची लेक मागे बसून शाळेत जात होती, आणि ह्याला ठाऊक होतं.

"बाबा," तिनं विचारलं, "ब्रेक दाबला गेलाय हे कसं कळतं तुम्हाला?"

सावळीरामनं बुटांच्या खोक्याचं झाकण लावलं.

"गाडी थांबली की कळतं," तो म्हणाला.

त्यानं खिशातून गाडीची किल्ली काढली आणि काउंटरवर तिच्यापुढे ठेवली. पायलनं ती उचलली नाही, तिला उचलवेनाच. शेवटी खाजाचाचांनी ती आपल्या खिशात घातली.

"आजोबा?" फोनमधून तेजल म्हणाली, "आई तुम्हाला रागावली का? सोमवारी मला सोडायला येणार ना?"

"येणार," सावळीराम म्हणाला. "रिक्षानं येऊ आपण. आणि आईपासून काही लपवायचं नाही, बरं का. चूक माझी होती."