ऐंशीच्या खाली

ताईचं वजन सोळा किलोंनी उतरलं, तर तिच्या धाकट्या भावाला तिची एक किडनी मिळणार होती. हिशेब इतका सरळ होता. रक्तगट जुळला होता, बाकीच्या तपासण्या जुळल्या होत्या आणि ताईची तयारी तर पहिल्या दिवसापासून होती. अडलं होतं ते फक्त तिच्या अंगावरच्या चरबीपाशी. किडनीच्या डॉक्टरीणबाईंनी तिची उंची मोजली, कागदावर काहीतरी भागाकार केला आणि सांगितलं, "ऐंशीच्या खाली या. त्याच्यावर असताना मी तुम्हाला टेबलावर घेणार नाही. त्याला वाचवायला जायचं आणि तुमचंच काही बरंवाईट व्हायचं." त्या दिवशी ताई शहाण्णव भरली.

"त्यात काय," ताई म्हणाली. "सहा महिन्यांत येते की."

हे ती भावाच्या देखत बोलली. बोलायला नको होतं. धाकट्याने ते सहा महिने मनात पक्के धरले. आठवड्यातून तीनदा चार-चार तास तो यंत्राला जोडलेला असायचा. रक्त बाहेर जायचं, धुऊन परत यायचं, आणि घरी आल्यावर त्याला उठून बसण्याचंही त्राण राहायचं नाही. त्याच्या बायकोचा रक्तगट जुळत नव्हता. आई-वडील कधीच गेले होते. परक्या माणसाच्या किडनीसाठी यादीत नाव घातलं होतं, पण त्या यादीवर कुणी फार जीव टाकू नये असं दवाखान्यातल्या लोकांच्याच चेहऱ्यावर दिसायचं. राहता राहिली ताई.

ताई तीस वर्षं एका मोठ्या लॉन्ड्रीत कामाला होती. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांचे टॉवेल, नाट्यगृहांचे जाडजूड पडदे तिथे ट्रक भरभरून यायचे. ताईचं काम तोलण्याचं. माल आला की मळका तोलायचा, पिळून निघाला की ओला तोलायचा आणि सुकला की कोरडा. कोरडं वजन ठरल्यापेक्षा जास्त भरलं तर आत ओल राहिली असं समजायचं आणि गठ्ठा पुन्हा सुकवणीच्या खोलीत ढकलायचा. ताईचा हात इतका बसला होता की नुसता टॉवेल उचलून ती सांगायची, अजून अर्धा तास. आणि ते बरोबर निघायचं.

तिची गोष्ट कळल्यावर मुकादमबाईंनी जेवणाच्या सुट्टीत फर्मान काढलं. "ही एकटी उपाशी राहिली तर आठ दिवसांत रडेल. आपण सगळ्याच राहू. आपलं तरी कुठे काय कमी आहे?" त्यात खोटं काही नव्हतं. बारा-तेरा बायका आणि एक ट्रकवाला, सगळे एकजात खातेपिते. तेव्हापासून दर सोमवारी सकाळी पहिला ट्रक यायच्या आत सगळ्या जमिनीतल्या मोठ्या काट्यावर एकेक करून उभ्या राहायच्या आणि मुकादमबाई भिंतीवर खडूने आकडे लिहायच्या. डबे उघडले की काकडी, उकडलेली अंडी, बिनतेलाची भाजी. ताईला भरून आलं. आपल्यासाठी एवढी माणसं भात सोडतात म्हणजे काय, असं तिने घरी जाऊन भावाला फोनवर सांगितलं.

पहिल्या महिन्यात सगळ्यांचंच उतरलं. ताईचं दोन किलो गेलं, मुकादमबाईंचं पाच. दुसऱ्या महिन्यात इस्त्रीवालीचं चार गेलं, ताईचं एक. ट्रकवाल्याने फक्त चहातली साखर सोडली होती, तरी तो सहा किलोंनी उतरला, आणि वर म्हणाला की त्याला काही जाणवलंसुद्धा नाही. ताई मात्र कामावर पायी येत होती, पायी जात होती, रात्रीचं जेवण म्हणून वाटीभर सूप पीत होती. तिच्या आकड्याला जणू खाली उतरायचा कंटाळा यायचा. तीनशे ग्रॅम. दोनशे ग्रॅम. एका सोमवारी काहीच नाही. पुढच्या सोमवारी शंभर ग्रॅम वर.

सहा महिने झाले तेव्हा ती अठ्ठ्याऐंशीवर होती. मुकादमबाई चौदा किलोंनी हलक्या झाल्या होत्या, त्यांचे गाल बसले होते आणि लोक त्यांना वय विचारू लागले होते. बायका एकमेकींच्या कमरेकडे बघायच्या, जुने कपडे आत घ्यायच्या, आणि ताई आली की विषय बदलायच्या. त्यांचं हे विषय बदलणं ताईला जास्त लागायचं. एकदा इस्त्रीवाली तिच्याजवळ येऊन बसली. मनाची साधी बाई. म्हणाली, "ताई, माझं अकरा किलो गेलं. देता आलं असतं ना, तर सगळं तुझ्या नावावर केलं असतं."

"तुझं गेलं ते कुणाच्या कामाचं?" ताई म्हणाली. "तुझी किडनी कुणाला हवीये?"

इस्त्रीवाली उठून गेली. ताईला आपल्या जिभेची लाज वाटली, पण माफी काही मागवेना. तिला खरोखरच राग यायचा. ज्यांना गरज नाही त्यांच्या अंगावरून चरबी भराभर ओघळत होती आणि जिच्यावर एका माणसाचा जीव टांगलेला, तिच्या अंगाला ती चिकटून बसली होती. हा राग कुणावर काढायचा? ती रात्री आरशासमोर उभी राहून आपल्याच दंडाला चिमटे काढायची.

दवाखान्यातली आहार सांगणारी मुलगी वही बघून म्हणाली, "खरं सांगा हं, मध्येमध्ये काही खाता का? मी रागावणार नाही." ताईने नाही म्हटलं. मुलीने मान हलवली आणि पुन्हा तोच कागद हातात दिला. वयामुळे होतं, पाळी गेली की होतं, काहींचं शरीरच तसं असतं, हे डॉक्टरीणबाईंनी नंतर समजावलं. पण तोवर ताईच्या मनात रुतायचं ते रुतलं होतं. भावाच्या घरी गेली की वहिनी तिला वाढायची. एकदा वहिनीने डावभर भात ताटात घातला, क्षणभर थांबली आणि त्यातला अर्धा परत काढून घेतला. दोघी खाली मान घालून जेवल्या.

धाकटा तेवढा कधी विचारत नसे. सोमवारी संध्याकाळी फोन करायचा, इकडचं तिकडचं बोलायचा, आणि ताई आपण होऊन आकडा सांगेपर्यंत वाट बघायचा. तिने सांगितला की म्हणायचा, "चाललंय की. घाई नाही." घाई होती. यंत्र लावण्यासाठी त्याच्या डाव्या हातात जोडलेली नस बंद पडली, मग उजव्या हातात केली, तीही कुरकुरायला लागली. अकराव्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी ताईला एकटीला बोलावलं.

"त्याच्या नसा संपत आल्यात," त्या म्हणाल्या. "येत्या गुरुवारी तुमचं वजन आणि रक्त घेते. ऐंशीच्या खाली दिसलं की लगेच किडनी बसवायचं ठरवणाऱ्या समितीच्या बैठकीत तुमचं नाव मांडते. नाही दिसलं तर पुढची बैठक तीन महिन्यांनी. तो तीन महिने काढेल का, ते मी आज सांगू शकत नाही."

ताई तेव्हा ब्याऐंशी किलो सातशे होती. पाच आठवडे तिथेच होती.

गुरुवारला सहा दिवस होते. सहा दिवसांत तीन किलो चरबी जात नाही, एवढं आता तिला पाठ झालं होतं. पण तीन किलो वजन कसं घालवायचं, ते तिला तीस वर्षं ठाऊक होतं. पिळून काढलेलं ब्लँकेट सुकवणीच्या खोलीत टांगलं की दोन तासांत निम्म्यावर येतं. ब्लँकेटातलं ब्लँकेट कुठे जात नाही, जातं ते पाणी. काटा विचारत नाही काय गेलं म्हणून. हे तिला सुचलं तेव्हा ती इतकी हरखली की आधी का सुचलं नाही म्हणून तिने स्वतःला शिव्या घातल्या.

शुक्रवारपासून सुट्टी झाल्यावर सगळ्या गेल्या की ती सुकवणीच्या खोलीत जाऊन बसू लागली. भिंतीला वाफेचे नळ, वर टांगलेले पडदे, आत उभं राहिलं की डोळ्यांची आग व्हायची. नव्या बायकांना तिथे पाच मिनिटांच्या वर थांबू द्यायचे नाहीत. ताई जाड स्वेटर घालून पालथ्या टोपलीवर तासभर बसायची. पाणी तिने जवळजवळ बंदच केलं. ओठ सुकले की ओल्या फडक्याने पुसायची. डोकं ठणकायचं म्हणून दुखण्याच्या गोळ्या घ्यायची, दिवसाला चार, पाच, शेवटी सहा. लघवी काळ्या चहासारखी व्हायला लागली तेव्हा तिला वाटलं, अंगातली घाण निघतेय. सोमवारी एक्क्याऐंशी पाचशे. बायकांनी टाळ्या वाजवल्या. इस्त्रीवालीने तर तिला मिठी मारली.

गुरुवारी सकाळी दवाखान्याच्या काट्यावर ताई एकोणऐंशी किलो सहाशे भरली. नर्सने आकडा दोनदा बघितला. ताईने भिंतीला हात टेकून चपला घातल्या, कारण खाली वाकलं की अंधारी येत होती. मग दुसऱ्या खुर्चीवर बसून तिने रक्त काढायला हात पुढे केला. शीर सापडायला वेळ लागला. "पाणी कमी पिता का हो?" नर्सने विचारलं. ताई हसली. तिने दवाखान्याच्या पायऱ्यांवरूनच धाकट्याला फोन केला आणि आकडा सांगितला. पलीकडे फोन खाली ठेवल्याचा आवाज आला. मग वहिनी फोनवर आली आणि तीच रडायला लागली.

शनिवारी डॉक्टरीणबाईंनी बोलावलं. त्यांच्यापुढे रक्ताचा कागद होता. त्यांनी सगळं खोदून खोदून विचारलं आणि ताईने सगळं सांगितलं, कारण खोटं बोलायची ताकद उरली नव्हती. खोली, स्वेटर, गोळ्या. डॉक्टरीणबाईंनी तिला ताबडतोब भरती करून सलाइन लावलं. आठवड्याने पुन्हा रक्त घेतलं, पंधरवड्याने पुन्हा. आकडे सुधारले, पण होते तिथे परत आले नाहीत.

"पाणी तोडलंत, वर त्या गोळ्या. तुमच्या दोन्ही किडन्यांना मार बसलाय," त्या म्हणाल्या. "तुम्हाला त्या पुरतील, नीट सांभाळल्या तर. पण दोन्ही लागतील. यातली एक मी काढू शकत नाही."

"वजन तर बसलं ना," ताई म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा कागद उलटा करून ठेवला.

"मी तीन महिने थांबते. सहा महिने थांबते. भरून येत नाहीत का त्या?"

"ताई," त्या पहिल्यांदाच तिला तसं म्हणाल्या, "तुम्ही त्र्याऐंशी किलो घेऊन आला असतात ना, तर मी बैठकीत भांडले असते. दोन-तीन किलोंसाठी मी भांडले असते. तुम्ही मला विचारायला हवं होतं."

ते वाक्य ऐकून ताई रडली नाही. ती उठली, बाहेर आली आणि बाकावर बसली. अकरा महिने तिने स्वतःच्या अंगाला नावं ठेवली होती. ते हळूहळू का होईना ऐकत होतं. तिनेच त्याला मारलं.

भावाला सांगायचं काम तिने वहिनीवर टाकलं नाही. स्वतः गेली. धाकटा खिडकीपाशी खुर्चीत बसला होता, पायांवर सूज, पाय स्टुलावर. तिने उभ्या उभ्याच सांगितलं, काही लपवलं नाही. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. ऐकून झाल्यावर ती आत गेली आणि आतून दार लागल्याचा आवाज आला.

धाकट्याने पाय स्टुलावरून खाली घेतले. मग म्हणाला, "तुला काय करायला सांगितलंय आता?"

"मला कशाला विचारतोस?"

"सांग ना. औषध काय दिलंय?"

"औषध नाही," ताई म्हणाली. "पाणी प्यायला सांगितलंय. दिवसाला तीन लिटर."

त्याने मान हलवली. त्याच्या शेजारच्या टेबलावर एक लहान बाटली होती, तिच्यावर पेनाने रेघा ओढलेल्या. त्याला दिवसभराला तेवढंच पाणी चालायचं. जास्त प्यायला तर ते अंगातच साठायचं, छातीत चढायचं. दुपारचे चार वाजले होते आणि बाटलीत दोन बोटं पाणी उरलं होतं. त्याचे ओठ फुटलेले होते. बोलताना जीभ टाळूला चिकटत होती, हे तिला इतक्या महिन्यांत पहिल्यांदा नीट दिसलं.

"आज किती प्यायलीस?" त्याने विचारलं.

सकाळपासून तिने घोटभरही घेतलं नव्हतं.

तो खुर्चीच्या हातांवर भार देऊन उठला. तिने अडवायला हात पुढे केला तर त्याने तो बाजूला केला. भिंतीला धरत धरत तो कोपऱ्यातल्या पाण्याच्या पिंपापाशी गेला, मोठा पेला काठोकाठ भरला आणि दोन्ही हातांनी धरून तिच्यापुढे आणला. थोडं पाणी त्याच्या बोटांवरून सांडलं. त्याने बोटं पँटला पुसली.

"पी," तो म्हणाला.

"तुझ्यासमोर नाही रे. घरी जाऊन पिते."

"घरी गेल्यावर नाही पिणार तू. मला माहीत आहे. पी."

ताई प्यायली. घोट उतरत नव्हते, तरी प्यायली. तो समोर उभा राहून तिच्या गळ्याकडे बघत होता आणि तिने घोट घेतला की त्याचाही गळा हलत होता. पेला रिकामा झाल्यावर त्याने तो तिच्या हातातून घेतला आणि दुसरा भरायला पुन्हा पिंपाकडे वळला.